गाद्याचं तेल निवळेपर्यंत

गाद्याचं तेल कढताना ज्यांनी कधी पाहिलेलं नाही, ते म्हणतात त्या तेलाला वास येतो. वास येत नाही. वास राहायला येतो. लुगड्यात, उशीत, भाताच्या शितात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला जेवण जात नव्हतं, आणि माझी सासू शेजारणींना कौतुकानं सांगत होती, “नवी हाय ना, लाजते.” मी लाजत नव्हते. मला मळमळत होतं.

गादा म्हणजे आता मुलांच्या पुस्तकात ज्याला डॉल्फिन म्हणतात तो. तेव्हा, स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, रेवसजवळच्या आमच्या गावात हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पण गादा हा मासा नव्हे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मासा श्वास घ्यायला वर येत नाही आणि पिल्लाला पाजत नाही. म्हाताऱ्या सांगत, गादा म्हणजे समुद्रात उडी टाकलेली सून. म्हणून तो वर येतो, सुस्कारा टाकतो, किनाऱ्याकडे एकदा बघतो आणि पुन्हा खाली जातो. कुठल्या घरची सून आणि तिनं उडी का टाकली, हे कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. समुद्रात गेलेल्या सुनेसाठी डोळ्यांना पदर लावणाऱ्या याच बायका घरातल्या सुनेला करपलेली भाकरी वाढत.

माझ्या सासूला सगळं गाव आय म्हणे, मीही. गाद्याचं तेल काढावं तर आयनंच. होडीच्या बुडाला ते चोपडलं की लाकूड किडत नसे, हा मोठा उपयोग. गुडघे धरले, पाठ धरली, दम लागला, की ते चोळायचं. तळ्याकडचे शेतकरी बैलाच्या खांद्यावरची जखम भरायला ते मागायला येत, बदल्यात तांदूळ देत. दिव्यात घालत, पण ओटीवरच्या. देवापुढच्या दिव्यात कधीच नाही. दात येणाऱ्या पोराच्या गळ्यात गाद्याचा दात काळ्या दोऱ्यात बांधत. मांस मात्र कुणी तोंडात घालत नसे. कुठल्याशा गावचे लोक त्याचे तुकडे गळाला लावून मुशीसारखे मोठे मासे धरतात असं कानावर यायचं, आणि आमच्याकडे त्या गावात मुलगी देत नसत.

याला नियम होते, आणि नियमांची राखणदारीही आयकडेच होती. गादा मारायचा नाही. आपल्या मरणानं मेलेला, जाळ्यात गुदमरून आलेला किंवा भरतीनं टाकलेलाच घ्यायचा. जाळ्यात जिवंत सापडला तर जाळं कापायचं, मग ते नवंकोरं का असेना. चिरायच्या आधी त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं. आणि सगळ्यात कडक नियम हा की अंगावर दूध असलेली मादी असेल तर तिला सुरी लावायची नाही. तिची ओटी भरायची, खण-नारळ ठेवायचा आणि भरतीच्या रेघेच्या वर खड्डा काढून तिला पुरायचं. तिचं तेल काढलं तर ज्या घरात ते जाईल, त्या घरातलं अंगावरचं पोर जातं.

दूध आहे की नाही हे बघायचं काम लेकुरवाळीचं. पुरुषानं तिथं हात लावायचा नाही, वांझेनं नाही, म्हातारीनंही नाही. शेपटीकडे पोटाखाली दोन बारीक चिरा असतात, तिथं अंगठ्यानं दाबायचं आणि काय आलं ते मोठ्यानं सांगायचं. ती सांगेल ते शेवटचं. तिच्यामागून पुन्हा कुणी दाबून बघत नसे. आयचं म्हणणं, जी स्वतः पाजते आहे ती या बाबतीत खोटं बोलणारच नाही. तसंही आयला स्वतःला बघता आलं नसतं. इतकी वर्षं तेलाच्या काहिलीवर वाकून तिचे डोळे गेले होते. माणूस दारात उभं आहे एवढं कळे. कोण ते आवाजावरून ओळखायची.

मी उरणकडची. वडिलांनी भावकीशी भांडून मला सातवीपर्यंत शिकवलं होतं. सासरी त्याचा उपयोग एवढाच की आलेली पत्रं मी वाचायची, आणि काही चुकलं की सगळ्यांनी मला “मास्तरीण” म्हणायचं. भात लागला, “मास्तरीण पुस्तक वाचत होती.” कालवण खारट झालं, “मास्तरणीनं मिठावर धडा घेतला.” मी हसायची. हसण्यावाचून दुसरं काय होतं हातात? पण मनात मी स्वतःला या सगळ्यांपेक्षा शहाणी समजत होते. ही गोष्ट लिहायची तर हे आधी कबूल केलं पाहिजे.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना पौषात आजारी पडली. आधी नुसता खोकला. मग छाती घरघरायला लागली आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. आयनं कपाटातली बरणी काढली, हात घालून पाहिला आणि तशीच उभी राहिली. बरणी कोरडी होती. त्या सालात एकही गादा आला नव्हता, आणि तळाशी उरलेलं ते दिवाळीनंतर आयनंच एका शेतकऱ्याला बैलासाठी दिलं होतं. बैलाचा खांदा बरा झाला. तो सांगायलाही आला होता बिचारा.

मी म्हटलं, मुंबईला नेऊ. रेवसच्या धक्क्यावरून सकाळी आणि दुपारी लाँच सुटायची, भाऊच्या धक्क्याला लागायची. तिथून मोठा दवाखाना फार लांब नव्हता, आणि माझा चुलतभाऊ तिकडे गोदीत कामाला होता. आमच्या अंगणातून लाँच जाताना दिसायची. तिचा भोंगा इतका स्पष्ट ऐकू यायचा की आम्ही त्यावर भात चढवायचो.

आय म्हणाली, “इतकुसं पोर थंडीवाऱ्यात दर्यावरून नेशील? तेल लावल्याबिगर?”

“तेल कुठं हाय पण?”

“यील. त्याची येल झाली की यील.”

नवऱ्याकडे बघितलं तर तो जाळ्याची भोकं सांधत होता. भोकं नसलेलं जाळंसुद्धा त्यानं त्या दिवशी सांधलं असतं. म्हणाला, “आय म्हनल तसं.” दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी जेवले नाही, आणि मी जेवले नाही याच्यापेक्षा मी भांडले नाही याची त्याला भीती वाटली असावी. संध्याकाळी तो आपणहून म्हणाला, “उद्या सकाळी होडी लावतो नि लगेच निघू.” मी बोचकं बांधलं. पोरीची दोन झबली, दुपटं, गुळाचा खडा, चुलतभावाचा पत्ता लिहिलेला कागद. बोचकं दाराशी ठेवलं. आयनं त्याला पाय लागेल म्हणून ते उचलून कोपऱ्यात ठेवलं.

सकाळी होडी आली ती गादा घेऊन.

जाळ्यात गुदमरून मेला होता. राखाडी, माझ्याहून हातभर लांब, पाठीवर उंचवटा, आणि तोंडाची ठेवण अशी की मेल्यावरही हसतोय असं वाटावं. गाव गोळा झालं. जो तो म्हणू लागला, बघा, आयच्या नातीसाठी आला, दर्यानं धाडला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. मुंबई टळली होती ना.

आणि मी? सातवी पास, शहाणी, मिठावर धडा घेणारी? मी घरात गेले आणि बोचकं सोडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सोडलं, झबली परत दोरीवर टाकली आणि पत्त्याचा कागद फळीवर ठेवला. माझाही विश्वास बसला होता. तीन दिवस मी ज्या तेलाला मनातून नावं ठेवत होते, ते समोर वाळूवर येऊन पडल्यावर माझे हात जोडले गेले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण शेजारून लाँच जात असताना काडी धरणाऱ्याला काय म्हणावं?

आयनं हाक मारली, “ये गो, हात लाव.” गावात त्या वेळी पाजणाऱ्या आणखी दोघी होत्या, पण घर आमचं, पोर आमचं, तेव्हा मान माझा. मी वाळूवर गुडघे टेकले. आय माझ्या शेजारी उकिडवी बसली, इतकी जवळ की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. बाकीचे सगळे रीतीप्रमाणे चार हात मागे, पाठ करून. मी बोटांनी चाचपत चिरा शोधल्या आणि अंगठा दाबला.

दूध आलं. पातळ नाही, चिकासारखं घट्ट, पांढरंशुभ्र. माझ्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळलं. अजून कोमट होतं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मागच्या कुडाच्या घरातून माझ्या मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकून माझ्याही चोळीला ओल आली होती.

“दूद हाय का गो?” आयनं विचारलं.

मी अंगठा वाळूत पुसला. “न्हाय,” मी म्हणाले.

आयनं कमरेचं फडकं सोडलं, चाचपत चाचपत गाद्याच्या डोळ्यांवर टाकलं आणि म्हणाली, “सुरी आना.”

तेल काढणं हे घाईचं काम नव्हे. चरबीच्या पट्ट्या काढायच्या, खाऱ्या पाण्यात धुवायच्या, बारीक चिरायच्या. काहिलीखाली नारळाची सोडणं लावायची, कारण लाकडाचा जाळ मोठा होतो आणि तेल काळं पडतं. मंद, मंद, मंद. एक अख्खा दिवस ते कढतं. मग गाळायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं, गाळ खाली बसेपर्यंत. न निवळलेलं तेल अंगाला लावलं तर अंगावर फोड येतात असं आय म्हणायची. तिचं या कामातलं म्हणणं मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि आता तर मी सांगायचं बळ घालवून बसले होते. खोटं बोलून मिळवलेल्या तेलावर मी घाईचा काय हक्क सांगणार?

त्या दिवशी सकाळची लाँच गेली तेव्हा आम्ही चरबी धूत होतो. दुपारची गेली तेव्हा मी सोडणं टाकत होते. भोंगा झाला, मी वर पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे पाहिलं. मनात म्हणाले, आता काय, तेल तर होतच आलं. दुसऱ्या दिवशी पोरीनं छातीला तोंड लावायचं सोडलं. तिच्या ओठांना जांभळट रंग चढला. नवरा म्हणाला, “दुपारच्या लाँचनं जाऊ का मग?” आय बरणीवर दिवा धरून बसली होती. दिसत नव्हतं तरी धरायची. म्हणाली, “निवळत आलंय रं. एवढं थांबलाव, अजून एक घटका थांब.”

एक घटका थांबलो. तेल निवळलं. सोन्यासारखं पिवळं, इतकं सुरेख तेल आयच्या हातून पूर्वी कधी उतरलं नव्हतं, असं शेजारणी म्हणाल्या. आयनं ते पोरीच्या छातीला, पाठीला, तळव्यांना चोळलं. ती चोळत असतानाच दुपारची लाँच गेली. उन्हं कलायच्या आत पोर गेली. तिला मांडीवर घेतलं तर ती तेलानं निसटत होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं माणसं येऊन काय काय बोलली ते लिहिण्यात अर्थ नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं वेळ भरली. एकीनं तर माझी समजूत घालताना सांगितलं, “तेल उशिरा भेटलं गो, न्हायतर वाचली असती.” मुलगा असता तर दवाखान्यात नेला असता, असं मी स्वतः पुष्कळ वर्षं म्हणत आले. ते खोटं आहे. मुलगा असता तरी तेलाचीच वाट बघितली असती, कदाचित अधिक भक्तीनं.

त्या दिवशी एक लहान गादा खाडीच्या तोंडाशी येऊन घिरट्या घालत होता, असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पण मी तसं काही पाहिलं नाही. त्या पिल्लाचा विचारही माझ्या मनात आला नाही, आला तो कितीतरी वर्षांनी.

आयनं काहील पालथी घातली ती कायमची. त्याखाली कोंबड्या बसायला लागल्या. होडीवाले आले, गुडघेवाले आले, तळ्याकडचा तो शेतकरीही पुन्हा आला. आयनं सगळ्यांना रिकाम्या हाती पाठवलं. कारण विचारलं तर म्हणे, “हात ऱ्हायला न्हाय.” मेलेला गादा आला, नर असो की मादी, तर ती न तपासता त्याची ओटी भरायला लावी. नराची ओटी भरताना लोक गालात हसत. मी हसत नव्हते. मला वाटे, या बाईला काही ठाऊक नाही, तरी हिची श्रद्धा हिला बरोबर रस्त्यानं नेते आहे, आणि मी चोर या घरात उजळ माथ्यानं वावरते आहे.

मी चोर होते खरी, पण शिकलेली चोर. तीन वर्षांनी मला मुलगा झाला. तो पहिल्यांदा खोकला त्याच दिवशी मी त्याला उचललं आणि लाँच धरली. कुणाला विचारलं नाही. आय दाराशी उभी होती, तिनं अडवलं नाही. तिथल्या डॉक्टरांना मी मुलीबद्दल सांगितलं; खड्डा पडायचा, ओठ जांभळे झाले होते, सगळं. ते म्हणाले न्यूमोनिया, पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळाली असती तर बहुतेक वाचली असती. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच्या तोंडात मारावीशीही वाटली. पुढं मी मास्तरकीची परीक्षा दिली, खरोखरची मास्तरीण झाले. वर्गात मुलांना सांगायची, आजार जंतूंनी होतात, शापानं होत नाहीत. सांगायची आणि घरी येऊन अंगठा धुवायची. जंतूंवर माझा पूर्ण विश्वास होता. दुधावरचा काही केल्या जात नव्हता.

आय गेली ती साठ सालानंतर सात-आठ वर्षांनी. शेवटचे दोन महिने अंथरुणातच होती, आणि तिचं सगळं मीच करत होते. सुनेनं करायचंच असतं, म्हणून करत होते. प्रेमानं करत होते म्हणणार नाही. एका सकाळी तिचं अंग पुसत होते. तिनं माझा हात धरला, बोटं चाचपली आणि नेमका अंगठा पकडला.

“दूद होतं,” ती म्हणाली.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“त्या गाद्याला. मना वास आला व्हता. मी जवलच बसलेली ना गो. इतकी सालं तेच केलं, मना दुदाचा वास कलनार न्हाय?”

बारा-तेरा वर्षं मी जे एकटीनं वाहत होते त्याचं दुसरं टोक या बाईच्या हातात होतं. तिनं एकदाही ते हलवून दाखवलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. राग आला, असा की तोंड कडू झालं.

“मग बोलली का न्हाय?” मी विचारलं.

“तू न्हाय म्हनलीस. मना तवा तेवढंच पायजे व्हतं.” मग ती रडायला लागली. “मीच खाल्ली पोरीला. मी मेली की एक खण-नारल दर्यावर दे. तिची माफी माग.”

मला वाटलं ती माझ्या मुलीबद्दल बोलते आहे. ती गाद्याबद्दल बोलत होती. त्या क्षणी मी ठरवलं की आता सांगायचंच. दुधानं कुणी मेलं नाही, हे तिनं मरायच्या आधी ऐकलं पाहिजे. तिच्या समाधानासाठी म्हणून नव्हे. मला तिला दुखवायचं होतं.

“आय,” मी म्हणाले, “दुदाचं सोड. आपुन लाँच धरायला पायजे होती.”

तिनं रडणं थांबवलं. आंधळे डोळे माझ्या आवाजाकडे वळवले. कपाळाला आठ्या घालून ती आठवायला लागली, अगदी मनापासून, एखादं हरवलेलं भांडं आठवावं तशी.

“कंची लाँच गो?” ती म्हणाली.

ती टाळत नव्हती. तिला दूध आठवत होतं, फडकं आठवत होतं, तेल कसं निवळलं तेही आठवत होतं. लाँच तिच्या मनात कधी आलीच नव्हती, मग आठवणार कुठून? ती आधी माझ्याच मनात आली होती. आणि दाराशी बांधून ठेवलेलं बोचकं तिनं नव्हे, मी सोडलं होतं.